शामराव मास्तरांची डबी आणि माझी तार

सकाळचे पावणेअकरा. जऊळका स्टेशन. फलाटावर ज्वारीच्या पोत्यांची थप्पी. थप्पीच्या अलीकडे मी, पलीकडे एक बाक. अकोल्याची गाडी यायला वीस मिनिटं होती.

एवढं कोर्टात सांगतात तसं एका दमात सांगून टाकलं, कारण पुढचं सांगताना जीभ अडखळणार आहे. चहा संपायच्या आत कोणी उठणार नसेल तरच सांगतो. एकदा सांगायला लागलो की मध्येच थांबायची माझी छाती नाही.

तेव्हा वीस वर्षं मी या भागातून अकोल्याच्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत आलो होतो. नागपूरच्या कॉलेजात शिकलो, चार ठिकाणी नोकऱ्या धरल्या आणि भांडून सोडल्या. ज्याच्याशी भांडायला नको त्याच्याशी आधी भांडलो. आपण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहीत नाही आणि लिहिल्यावर कोणाच्या बापाला भीत नाही, ही माझी घमेंड. ती त्या दिवशी पोत्यांआड बसून पार मातीत गेली.

लढाईचे दिवस, इंग्रजांचं राज्य. बिनतारी यंत्र म्हटलं की सरकारच्या अंगावर काटा यायचा. साधा रेडिओ ठेवायचा तर परवाना, आणि ज्यातून बोलता येईल असं काही घरात सापडलं तर थेट तुरुंग. हे डोक्यात ठेवा.

दुसरं डोक्यात ठेवा ते माझं दुखणं. संपादकांनी माझ्या लागोपाठ तीन बातम्या परत पाठवल्या होत्या. कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीनं एकच शेरा: ‘यात नवं काही नाही.’ कोंडवाड्यातली गुरं उपाशी, तर म्हणे नवं नाही. सडक पुरात वाहून गेली, नवं नाही. ठाणेदार तक्रार लिहून घेत नाहीत, तेही नवं नाही. अहो, अन्याय जुना झाला म्हणजे तो न्याय होतो का? त्या सकाळी मी नवं काहीतरी शोधायला अक्षरशः टपून बसलो होतो.

आणि पोत्यांपलीकडून आवाज आला.

“मी जऊळक्याच्या फलाटावर उभा राहिलो. इकडेतिकडे पाहिले. कोणी नव्हते. खिशातून डबी काढली. ती मुठीत सहज मावत होती. झाकण उघडून कानाशी धरली आणि वाशीमला बोललो.”

आवाज ओळखीचा होता. आमच्या शाळेचे शामराव मास्तर. सुतासारखा सरळ माणूस, धोतराला शाईचा डाग पडला तर दोन दिवस ओशाळून वागणारा.

“वाशीमले?” दुसरा आवाज रहमतभाई घड्याळजींचा. बाजारात त्यांचं दुकान होतं. “तार कुठी हाय मंग?”

“तार नाहीच. तेच तं हाय ना.”

“तारीबिगर आवाज कायच्यानं जाते, मास्तर?”

“हाताच्या गरमीनं. मूठ आवळली की आतमंधी वीज तयार होते. विजेवर आवाज बसते, अन् आकाशातल्या लहरी त्याले उचलून नेतात.”

रहमतभाई सोडतात कुठले. माणूस कारागीर. आत काय फिरतं हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

“थंडीत काय करता?”

“हात चोळून घ्यायचे.”

“अन् उन्हाळ्यात?”

“उन्हाळ्यात लय दूर जाते.”

“आपल्या इकडल्या वैशाखात तर मंग विलायतेपर्यंत जाईन. बरं, मधात दुसऱ्या कोनाले ऐकू नाही येत?”

“नाही. ज्याचं नाव घेतलं त्याच्याच कानात जाते. पोलिसाले पत्ता लागत नाही.”

मी पेन्सिल काढली. तरीही मी माझं तत्त्व सोडलं नाही. ऐकलेलं लिहायचं नाही, पाहिलेलं लिहायचं. दोन पोत्यांमधल्या फटीतून डोकावलो. शामराव मास्तर बाकावर ताठ बसलेले, मांडीवर एक वही, आणि उजव्या हातात कानाशी धरलेली एक गोल, चकचकीत, पितळी डबी.

झालं. पाहिलं.

आता तुम्ही हसाल. म्हणाल, नाना, मास्तर वहीतली गोष्ट वाचत होते, एवढं कळलं नाही? नाही कळलं. आमच्याकडे गोष्ट म्हणजे राजा. राजाला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. राजा नसेल तर निदान कोल्हा तरी हवा. जऊळक्याच्या फलाटावर घडणारी, राजाही नसलेली आणि कोल्हाही नसलेली गोष्ट मी जन्मात ऐकली नव्हती. कॉलेजात इंग्रजीत वाचल्या होत्या असल्या यंत्रांच्या गोष्टी. पण त्यातली माणसं चंद्रावर जात. जऊळक्याला थांबत नसत.

खरं तर एक खूण होती. मास्तर डबीबद्दल पहिल्यांदा बोलले ते ‘पाहिले’, ‘नव्हते’ असं पुस्तकी बोलले. जऊळक्यात असं कोणी बोलत नाही, खुद्द मास्तरही नाहीत. मला वाटलं, कटवाला माणूस, शुद्धच बोलणार.

गुडघ्यावर कागद ठेवला आणि सात मिनिटांत बातमी हाणली. ‘जऊळक्यात मुठीतलं बिनतारी यंत्र. गरीब शेतकऱ्याचा रेडिओ जप्त करणारं सरकार झोपलं आहे काय? ठाणेदार काय करतात?’ खरं सांगतो, मास्तरांवर माझा राग नव्हताच. माझा सगळा डोळा ठाणेदारावर. मास्तर मध्ये फुकट सापडले. नाव मात्र मी घातलं, गाव घातलं, शाळासुद्धा घातली. आपण अर्धवट लिहीत नाही.

गाडी आली. पळत टपालाच्या डब्याशी गेलो आणि पाकीट खाचेत टाकलं. आमची पद्धतच ही होती. अंकाच्या आदल्या दिवशी मजकूर गाडीत टाकायचा, संध्याकाळी तो अकोल्याला छापखान्यात, सकाळी अंक. बातमी आधी, विचारपूस नंतर, हे मी नव्या बातमीदारांना वीस वर्षं शिकवत आलो.

मग विचारपूस करायला बाकाशी गेलो. छाती दोन वीत पुढे.

“काय मास्तर, वाशीम काय म्हणतं?”

मास्तर दचकले, मग लाजले. “आयकलं काय तुमी, नाना? या रहमतभाईले वाचून दाखवत होतो. दिवाळी अंकाले गोष्ट मागतली होती. उद्याच्या टपालानं धाडली नाही तर ते घेणार नाहीत.”

“गोष्ट?”

“होय. पन्नास वर्षांनी काय होईन, त्याची. तुमाले कशी वाटली?”

“आणि ही डबी?”

“माही तपकीर हाय थे,” रहमतभाई म्हणाले. “मास्तरले म्हनलं, हातात घेऊन वाचा, रंग भरते. घेता काय चिमूटभर?”

मागे शिट्टी झाली. गाडी हलली.

पंचेचाळिशीतला माणूस धोतर सावरत गाडीमागे धावला की कसा दिसतो, ते त्या दिवशी फलाटावरच्या सगळ्यांनी पाहिलं. फलाट संपला तिथे मी थांबलो, गाडी थांबली नाही. आणि त्या क्षणी, देवाशपथ सांगतो, मला मास्तरांच्या त्या डबीची एवढी गरज वाटली की काय सांगू. मुठीत धरली असती, आवळली असती, संपादकाचं नाव घेतलं असतं आणि म्हटलं असतं, बाबा रे, पाकीट फोडू नकोस. माझे हात तेव्हा एवढे तापले होते की आवाज अकोला ओलांडून थेट मुंबईला गेला असता.

डबी नव्हती. तार होती.

स्टेशनातच तारेची खिडकी. आत तारबाबू, चष्मा कपाळावर. तार इंग्रजीतच द्यायची, आणि मोजक्या शब्दांत. मी लिहिलं त्याचं मराठी असं: ‘जऊळका बिनतारी यंत्राची बातमी दाबा. मास्तर निर्दोष.’ खाली माझं नाव.

तारबाबूनं ती वाचली. माझ्याकडे पाहिलं. परत वाचली.

“जाईल ना लवकर?” मी विचारलं.

“जाईन,” तो म्हणाला. “बसा तुमी घरी जाऊन.”

मी घरी जाऊन बसलो. जेवलोसुद्धा. मन हलकं झालं होतं. चूक केली, ती सुधारली, कोणाला कळली नाही. बायकोला म्हटलंसुद्धा, वेळेवर डोकं चालणं महत्त्वाचं असतं.

चार वाजता शिपाई दारात उभा. “ठाणेदारसायबानं बलावलं.”

मला वाटलं, कोंडवाड्याची जुनी भानगड. कोट चढवला, चार कडक वाक्यं जुळवत गेलो. ठाण्याच्या ओसरीवर चढलो आणि ती चारही वाक्यं विसरलो. बाकावर शामराव मास्तर बसले होते. टोपी मांडीवर. पेरणीच्या संध्याकाळी बैल थकलेला असतो तसे दिसत होते. शेजारी रहमतभाई. टेबलावर ती वही आणि ती पितळी डबी, आणि डबीपासून दोन हात लांब हवालदार, बॉम्ब असावा तसा.

“या,” ठाणेदार म्हणाले. “तार तुमीच धाडली ना?”

तारबाबूनं ती ठाण्यात दाखवली होती, आणि सकाळी फलाटावर कोण मास्तर कोणाबरोबर डबी घेऊन बसले होते तेही सांगितलं होतं. लढाईत असलं काही आलं तर दाखवायचं, असा त्याला हुकूमच होता. तारेत बिनतारी यंत्र, वर ‘दाबा’. त्यानं दुसरं करावं तरी काय?

“मले एक सांगा,” ठाणेदार म्हणाले, “गुन्हा तर कोनी नोंदवलाच नाही. मंग मास्तर निर्दोष, हे तुमाले कायच्यावरून ठावूक?”

मी सगळं सांगितलं. पोती, फट, डबी, बातमी, पाकीट. ‘ठाणेदार काय करतात’ हे वाक्यही सांगावं लागलं. सांगताना मान खाली होती, त्यामुळे ठाणेदारांचं तोंड कसं झालं ते मी पाहिलं नाही.

मास्तरांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. “नाना,” ते हळू आवाजात म्हणाले, “शाळेत कळलं तं नोकरी जाईन माही. इचारायचं तं होतं.”

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“गोष्ट असंन तं गोष्ट,” ठाणेदार म्हणाले. “आपलं काही म्हनणं नाही. मास्तर, एवढं लिहून द्या, की असं यंत्र होऊच शकत नाही. सही करा, वही घ्या अन् घरी जा.”

मी सुटकेचा श्वास घेतला. मास्तरांनी दौतीत टाक बुडवला. टाक कागदावर नेला. आणि परत ठेवला.

“तसं लिहून देता येणार नाही, सायेब.”

“काहून?”

“आज नाही होत. पन होईन ना. मी लय इचार करून लिवलं हाय.”

“मास्तर,” मी दबक्या आवाजात म्हणालो, “लिहा ना बापा. नोकरीचा प्रश्न आहे.”

“बातमीदार मानूस तुमी, नाना. तुमाले नाही कळनार. खोटं लिवता येते, पन आपलीच गोष्ट खोटी हाय असं कसं लिवू?”

घ्या. जो माणूस शाईच्या डागाला ओशाळायचा, तो तुरुंगाच्या दारात बसून लेखक झाला.

ठाणेदारांनी कपाळावर हात मारला. “ठीक हाय. मंग ते कसं चालते ते सांगा. चालत असंन तं अकोल्याले कळवतो, नसंन तं सोडून देतो.”

“हाताच्या गरमीनं चालते,” मास्तर म्हणाले.

“हवालदार, घे हातात.”

हवालदारानं डबी दोन बोटांत उचलली, मूठ आवळली, मग भीत भीत झाकण उघडून कानाशी नेली. नेताना ती नाकाखालून गेली. पुढची दोन मिनिटं ठाण्यात दुसरं काही ऐकू आलं नाही. हवालदार अकरा वेळा शिंकला. मी मोजलं, वीस वर्षांची सवय.

“काई आवाज आला का?” ठाणेदारांनी विचारलं.

“त्याचाच येऊन राह्यला,” रहमतभाई म्हणाले.

शेवटी ठाणेदारांनी वही ओढली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. मोठ्यानं, शब्द न् शब्द, जबाब वाचतात तसं. गोष्ट अशी: एका माणसाची बायको रुसून वाशीमला माहेरी गेलेली. चिठ्ठ्यांना उत्तर देत नाही. नवरा जऊळक्याच्या फलाटावर उभा राहतो, डबी काढतो, तिचं नाव घेतो. ती म्हणते, आता आठवण झाली का? हा म्हणतो, चुकलो. तिसऱ्या पानावर ठाणेदारांचा आवाज जरा खाली आला. चौथ्या पानावर हवालदार दोन हातांचं अंतर विसरून टेबलाशी येऊन उभा राहिला. ओसरीवर तक्रार घेऊन आलेली दोन माणसं होती, तीही आत सरकली.

पाचव्या पानावर ठाणेदार थांबले. मागचं पान उलटलं. परत पुढे आले.

“मास्तर.”

“जी.”

“नवऱ्याजवळ डबी हाय.”

“हाय ना.”

“त्यानं मूठ आवळली. आवाज वाशीमले गेला. बायकोच्या कानात गेला. इथवर मानलं.”

“जी.”

“बायको उलटून बोलली. थे कशातून बोलली? तिच्यापाशी डबी कुठी हाय?”

मास्तरांनी वही हातात घेतली. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. रहमतभाई मान वाकवून तेही बघायला लागले, जसं घड्याळाचं झाकण उघडून बघतात.

“नाही दिली,” मास्तर शेवटी म्हणाले. आवाज अगदी बारीक. “तिले डबी द्याची राहूनच गेली.”

“मंग नाही चालत,” ठाणेदार म्हणाले.

“असं लिवलं तं नाही चालत,” मास्तर म्हणाले, आणि स्वतःहून टाक उचलून तेवढंच लिहिलं: ‘सदर यंत्र सध्याच्या स्वरूपात चालत नाही.’ खाली सही.

मित्रहो, मी आजवर बरेच निकाल ऐकले. फाशीतून सुटलेला माणूस पाहिला आहे. पण त्या संध्याकाळी मास्तरांनी वही काखेत मारली आणि पायऱ्या उतरले, तेव्हा मला जेवढं सुटल्यासारखं वाटलं तेवढं त्यांनाही वाटलं नसेल. ते तर चालता चालता रहमतभाईंशी बोलत होते, बायकोला डबी कोणाच्या हातून पाठवावी.

पण सुटका अजून अर्धीच होती. पाकीट अकोल्यात पोचलेलं. तार गेलीच नव्हती, आणि आता तारेची खिडकीही बंद. सकाळी अंक निघणार, मास्तरांचं नाव, शाळेचं नाव, सगळं छापील. मग ठाणेदारांनी सोडलं काय आणि न सोडलं काय. ठाण्यातून निघताना त्यांनी एक कागद पुढे केला, “पंच म्हणून सही करा,” म्हणाले. डोळ्यांपुढे उद्याचा अंक दिसत होता. सही केली.

मास्तर रात्री जागून वही दुरुस्त करत बसले, मी नुसताच जागलो. सकाळी गाडीवर गेलो. मास्तर आधीच तिथे, वहीचं पाकीट हातात. गाडी आली, अंकांचा गठ्ठा उतरला. पहिलं पान पाहिलं. नाही. दुसरं पाहिलं. नाही. जाहिरातींपर्यंत गेलो. ‘केसांचे तेल’ वाचलं. जऊळका कुठेच नाही.

“नाही आली,” मी म्हणालो.

मास्तरांनी डोळे मिटले, उघडले, मग पाकीट खाचेत टाकलं. “चाला,” म्हणाले, “चहा घेऊ. तुमी पाजा.”

तीन दिवसांनी माझा मजकूर परत आला. पहिल्या दोन ओळींपलीकडे कोणी वाचल्याची खूण नव्हती. कोपऱ्यात निळी पेन्सिल: ‘यात नवं काही नाही.’

म्हणजे पाहा. मी गाडीमागे धावलो नसतो, तार केली नसती, घरी जाऊन नुसता जेवून झोपलो असतो, तर जगात कोणाचं काही बिघडलं नसतं. मास्तरांना ठाण्यात नेलं ते माझ्या चुकीनं नाही, चूक सुधारण्यानं. त्या संपादकाला मी वीस वर्षं मनातल्या मनात काय काय म्हणत आलो, ते सगळं त्या दिवशी परत घेतलं. तोंडावर अजून सांगितलेलं नाही.

गोष्ट दिवाळी अंकात आली. त्यातल्या बायकोला डबी मिळाली. ठाणेदार भेटेल त्याला सांगत, सुचवलं आपण, नाव मात्र छापलं नाही.

राहता राहिली रहमतभाईंची डबी. ती मागायला ते ठाण्यात गेले, तर कळलं की मिळणार नाही. जप्तीच्या कागदावर नोंद आहे: ‘बिनतारी यंत्र, पितळी, एक नग, चालू स्थितीत नाही.’ एकदा लिहिलेलं खोडता येत नाही म्हणे. रहमतभाईंनी कागद मागून वाचला, तर खाली पंचाची सही माझी. मी, ज्यानं अख्ख्या तालुक्याला सांगितलं की वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका.

मी आतापर्यंत सहा अर्ज केले. ते ठाणेदार बदलून गेले, दुसरे आले. लढाई संपली. डबी अजून ठाण्यात जमा आहे, तपकिरीसकट. ती कोण परत देणार, याचं उत्तर आजतागायत कोणी दिलेलं नाही.